वारी तोंडावर, आईच्या गुडघ्यासाठी नी कॅप कुठला? (तातडीने मदत हवी)

सुरेखा_बार्शी:
नमस्कार मंडळी. आई पुढच्या आठवड्यात आळंदीला निघतेय. दिंडी ठरली, भिशी (जेवण-मुक्कामाचे पैसे) भरली. गुडघा दुखतो. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले वंगण संपलंय, गॅप कमी झालाय, झीज ग्रेड तीनची. वारी नको म्हणाले, पण ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, त्यामुळे जावं की न जावं ही चर्चा नको. नेटवर दोनशेपासून तीन हजारांपर्यंत नी कॅप दिसतात. साधा घेऊ की बिजागरीवाला? परवापर्यंत मागवायचाय, तेवढंच सांगा.

मनोहर_नाना:
वय? वजन? कुठला गुडघा? एक्स-रे उभं राहून काढला की झोपवून? झोपवून काढलेल्यात फट आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते.

सुरेखा_बार्शी:
63. उजवा. उभं करूनच काढला. वजन काय आठवड्यात उतरणारेय का?

तिरका_कोन:
नाही उतरणार. पण आल्यावर मनावर घ्या. एक किलो कमी झालं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो.

आयुर्वेदप्रेमी:
कॅपने काय होणार? वात आहे तो. महानारायण तेल कोमट करून चोळा, वर निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, योगराज गुग्गुळ सुरू करा. वांगं, हरभऱ्याची डाळ, आंबट बंद. माझी मावशी जिना धावत चढते.

तिरका_कोन:
दिंडीच्या पंगतीत 'आम्हाला डाळ नको' कोण सांगणार?

पुण्याचा_पक्या:
माउलींची पालखी की तुकोबांची? माउलींची असेल तर पुणे-सासवड टप्पा भलता लांब, त्यात दिवेघाट.

झेंडेकरी:
तुकोबांच्या वाटेवर रोटी घाट आहे, तोही काही कमी नाही. आमच्या दिंडीत दरवर्षी...

फिजिओ_मीरा:
घाट नंतर. सुरेखाताई, गुडघा चालता चालता लचकतो का, मधेच सटकल्यासारखा होतो का? तसं असेल तरच बिजागरीवाला. नसेल तर साधा पुरे. त्याने झीज भरून येत नाही, ऊब आणि आधार मिळतो एवढंच. साडीखाली तो घसरतो, म्हणून वरच्या कडेला पट्टी असलेला बघा. दोन घ्या, पावसात एक वाळेपर्यंत दुसरा. ओला कॅप दिवसभर राहिला की गुडघ्याच्या मागची कातडी सोलून निघते. रात्री काढूनच झोपायचं. पोटरी सुजली तर लगेच काढायचा, आणि सूज उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं, पाच अंक मोजून सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यात ताकद येत नाही, त्याला दीड-दोन महिने लागतात, पण आजच सुरू करा. आणि काठी डाव्या हातात.

मनोहर_नाना:
डाव्या? दुखतो उजवा ना?

फिजिओ_मीरा:
म्हणूनच डाव्या. दुखरा पाय आणि काठी एकदम टेकली की भार वाटला जातो.

हाडवैरी:
मी सांगतो, सरळ सांधा बदलून टाका. 2017 मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा कोबाल्ट-क्रोम धातूचा कृत्रिम गुडघा 54,720 रुपये अधिक जीएसटी असा झाला.

तिरका_कोन:
तो नुसता सांधा. ऑपरेशन, खोली, भूल वेगळं. आणि वारीच्या आधी आठवडाभर गुडघा बदलणार?

मधुर_पुणे:
ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठीची गोळी) कुणी सुचवलं नाही? काकांना गुण आला.

फिजिओ_मीरा:
2006 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा फारसं सरस ठरलं नव्हतं. घेतलं तर खिशाला जास्त लागतं.

मनोहर_नाना:
बाकी राहू दे. आई सध्या गोळ्या काय घेते?

सुरेखा_बार्शी:
बीपीची एक, सकाळी. दुखण्याची मेडिकलमधून आणते, रोज दोन. ती घेतली की छान चालते. वारीसाठी चार पाकिटं घेतलीत.

फिजिओ_मीरा:
थांबा, हे आधी का नाही सांगितलं! दुखण्याची गोळी कुठली? बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे का? 'एच' म्हणजे त्यात लघवी वाढवणारं औषध असतं. त्यावर डायक्लोफेनॅक किंवा तसली दुखण्याची गोळी, वर उन्हातली चाल आणि 'वाटेत जायला जागा नाही' म्हणून कमी पाणी पिणं, तिन्ही मिळून किडनीवर ताण येतो. बीपीही चढतं. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना आजच फोन करा आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. गुडघ्याला आधी डायक्लोफेनॅकचं मलम, ते पोटातून जात नाही. पॅरासिटामॉल चालेल का तेही विचारा.

आयुर्वेदप्रेमी:
म्हणून म्हटलं, तेल.

सुरेखा_बार्शी:
लावतेच ती तेल. कॅप त्यावरून घसरतो.

झेंडेकरी:
ताई, सगळं चाललंच पाहिजे असं नाही. आमच्यातल्या म्हाताऱ्या घाटाच्या दिवशी दिंडीच्या ट्रकमध्ये बसतात. काहीजणी तर वाखरीलाच येऊन मिळतात आणि तिथून पंढरपूर चालतात. कुणी विचारत नाही.

सुरेखा_बार्शी:
डॉक्टरांशी बोलले. 'एच' आहे. दुखण्याची पाकिटं परत करायला सांगितली, मलम आणि पॅरासिटामॉल दिलंय, उद्या रक्त देतोय. सासवडपर्यंत ट्रकला कशीबशी तयार झालीय, पण चांदोबाच्या लिंबाचं रिंगण पायीच म्हणते. आता कृपया सांगा, वाटीच्या चार बोटं वर मांडीचा घेर 46 सेंमी. एल की एक्सएल?

फिजिओ_मीरा:
प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, पाकिटावरचा आकडा बघा. दोन मापांच्या मधे आलं तर मोठं घ्या. आणि संध्याकाळी मोजा, तेव्हा सूज असते.

मनोहर_नाना:
अवांतर: या दिंडीची भिशी किती? आमच्या सौ.साठी विचारतोय.