मदत हवी आहे: १९५२ च्या आठवणी

नमस्कार मंडळी, आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची यंदा प्रश्नमंजुषा आहे आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वहीत तारखा मांडताना एक गंमत दिसली. फेब्रुवारी १९५२ मध्ये भारतानं मद्रासला इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान होते आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे. (विनू मांकडनं १२ बळी घेतले, तो भाग वेगळा!) आणि जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत कांस्य जिंकलं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. सांगली-सातारा, एकाच वर्षात!

खाशाबा परतले तेव्हा कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना पाठ आहे. मला हवंय त्याच्या आतलं. गाड्या कुठल्या गावच्या, बैलांना झुली होत्या का, वाजंत्री कोण? कुणाच्या आजोबांनी ती पाहिली असेल, किंवा ट्रंकेत एखादा फोटो असेल तर कृपया सांगा. सांगलीकरांनो, हजाऱ्यांचं घर नेमकं कुठल्या पेठेत होतं हो? आमच्या आळीत तीन जण तीन पेठा सांगतात, तिघेही छातीठोकपणे.