‘न्याय्य पक्षनिधी’ आणि ‘वंचितांचे प्रतिनिधित्व’ : एका वाक्यातील शब्दयोजना

प्रश्न

राजकीय पक्षांच्या निधीविषयीच्या एका टिपणाचे संपादन करताना पुढील वाक्य समोर आले : ‘पक्षनिधीची व्यवस्था पारदर्शक, समान व न्याय्य झाल्यास दुर्बल घटकांना प्रतिनिधित्व मिळेल.’ यातील तीन विशेषणे समानार्थी मानून एकच ठेवावे, की तिघांचे अर्थ वेगळे आहेत? तसेच ‘दुर्बल घटक’ याऐवजी ‘वंचित’, ‘उपेक्षित’ किंवा ‘सीमांत’ यांपैकी कोणता शब्द अधिक योग्य ठरेल, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

तिन्ही विशेषणे वेगळी आहेत. ‘पारदर्शक’ हा शब्द पैशाच्या माहितीविषयी बोलतो, वाटपाविषयी नाही. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळले की व्यवस्था पारदर्शक झाली, मग सगळा पैसा एकाच पक्षाच्या तिजोरीत का जाईना. ‘समान’ म्हणजे सर्वांना एकच नियम. ‘न्याय्य’ मात्र नियमाचा परिणाम कोणावर कसा होतो हे पाहतो.

हा भेद केवळ कोशातला नाही. निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून रोखे विकत घेऊन नाव गुप्त ठेवत पक्षाला देणगी देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली, तेव्हा निकालाला दोन निरनिराळे आधार होते. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणे मतदाराच्या माहितीच्या हक्काविरुद्ध, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १९ विरुद्ध ठरले. आणि कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्वी असलेली, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकणे हे समानतेच्या, म्हणजे अनुच्छेद १४ च्या कसोटीवर मनमानी ठरले. पहिला मुद्दा पारदर्शकतेचा आहे, दुसरा समानतेचा. वंचितांना राजकारणात जागा मिळते की नाही, हा तिसरा प्रश्न मात्र निकालाचा आधार नव्हता, आणि तेथेच ‘न्याय्य’ या शब्दाचे काम सुरू होते.

‘न्याय्य’चे उदाहरण आपल्या कायद्यात आहे, पण ते फार लहान आहे. लोकसभेच्या उमेदवाराला २५,००० रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या उमेदवाराला १२,५०० रुपये, मग तो राखीव जागा लढवो वा सर्वसाधारण. परंतु अनामत भरल्यानंतरचा सारा खर्च ‘समान’ नियमाखाली येतो : मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा सर्वांना सारखीच आहे, आणि पक्षाने स्वतःच्या प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादाच नाही. ज्याच्याकडे ९५ लाख नाहीत, त्याच्या दृष्टीने ही मुभा असून नसल्यासारखी. म्हणून ‘समान’ हे विशेषण येथे गाळावे असे मी सुचवीन. ते निरुपद्रवी दिसते, पण ‘न्याय्य’च्या शेजारी बसून त्याचा अर्थ पातळ करते.

दुसरा प्रतिसाद

समूहवाचक शब्दांविषयी थोडेसे. ‘दुर्बल घटक’ हा शासकीय भाषेत रूढ झालेला शब्द आहे, पण तो उणीव त्या माणसांत असल्याचे सुचवतो. ‘उपेक्षित’मध्ये कोणीतरी दुर्लक्ष केले आहे, ‘वंचित’मध्ये त्याहून अधिक, कारण ‘वंच्’ या धातूचा अर्थ फसवणे असा आहे आणि जे हक्काचे होते ते मिळू दिले गेले नाही, ही छटा आजच्या वापरातही टिकून आहे. ‘सीमांत’ टाळावा : तो शब्द एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यासाठी आधीच राबतो आहे, आणि ‘सीमांत समूह’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देशाची सरहद्दही येऊ शकते. पक्षनिधीच्या संदर्भात, जेथे प्रश्न कुवतीचा नसून साधने कोणाकडे अडली आहेत हा आहे, तेथे ‘वंचित’ हाच शब्द नेमका बसतो.

तिसरा प्रतिसाद

वरील दोन्ही मते मान्य आहेत, पण वाक्यातील खरा दोष ‘प्रतिनिधित्व मिळेल’ या शेवटच्या दोन शब्दांत आहे, असे मला वाटते.

‘प्रतिनिधित्व’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. एखाद्या समूहाची मते कोणीतरी सभागृहात मांडणे हा एक, आणि त्या समूहातील माणसाने स्वतः तेथे बसणे हा दुसरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना हाच भेद केला होता : नुसते मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, व्यक्तींचेही प्रतिनिधित्व हवे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य समाजाला प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा दिल्या, पण फक्त त्याच समाजाने मत देण्याचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघ आले. उमेदवार त्या समूहातला, मतदार मात्र सगळे. आजच्या राखीव जागांचीही रचना तशीच आहे. अशा मतदारसंघात निवडून येण्यासाठी सर्व मतदारांपर्यंत पोहोचावे लागते, पोहोचायला पैसा लागतो, आणि पैसा बहुतांशी पक्षाकडे असतो. म्हणजे जागा राखीव असली तरी त्या जागेवर कोणाला उभे करायचे हे ज्याच्या हाती निधी आहे तो ठरवतो.

म्हणूनच मूळ वाक्यात निधी आणि प्रतिनिधित्व यांच्यामधला एक शब्द गळालेला आहे, तो म्हणजे ‘उमेदवारी’. ज्या देशांनी सरकारी अनुदानाचा उपयोग प्रतिनिधित्वासाठी केला, त्यांनी अट उमेदवारीलाच घातली. फ्रान्सने २००० च्या कायद्याने स्त्री व पुरुष उमेदवारांच्या प्रमाणात ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत ठेवणाऱ्या पक्षाचे अनुदान कापायला सुरुवात केली. आयर्लंडने २०१२ च्या कायद्याने स्त्री आणि पुरुष दोन्ही उमेदवारांचे प्रमाण किमान ३० टक्के नसल्यास निम्मे अनुदान रोखण्याची तरतूद केली आणि २०२३ पासून ती अट ४० टक्क्यांवर नेली. फ्रान्समधील काही मोठ्या पक्षांनी कपात सोसणे पसंत केले, आणि स्त्रियांना उमेदवारी दिली तीही बरेचदा जिंकण्याची आशा नसलेल्या मतदारसंघांत. तेव्हा ‘उमेदवारी’ला ‘निवडून येण्याजोगी’ हे विशेषण जोडल्याशिवाय वाक्य खरे ठरत नाही.

प्रश्नकर्ता

आभार. ‘निधी’, ‘देणगी’ आणि ‘अनुदान’ हे शब्दही टिपणात सरमिसळ आले आहेत. त्यांचे काय करावे?

पहिल्या प्रतिसादाचे लेखक

‘निधी’ हा साठा, ‘देणगी’ नागरिकाची किंवा कंपनीची, ‘अनुदान’ सरकारचे. आणि सभासदाची ती ‘वर्गणी’. शेवटचा शब्द हल्ली मागे पडला आहे, तो टिपणात आवर्जून ठेवावा. ‘अनुदान’ लिहिताना ते कशाच्या आधारे वाटले जाते हेही सांगावे, कारण मागील निवडणुकीतील मतांवरून वाटलेले अनुदान प्रस्थापित पक्षांनाच अधिक मिळते, तर नव्याने उभ्या राहणाऱ्या वंचितांच्या पक्षाच्या वाट्याला काहीच येत नाही. निवडणूक खर्चाविषयीच्या इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये सरकारी मदत रोखीने न देता वस्तुरूपाने द्यावी असे सुचवले, पण तीही मान्यताप्राप्त पक्षांपुरतीच. अपक्ष त्यातून वगळले गेले. अशा व्यवस्थेला ‘पारदर्शक’ म्हणता येईल, ‘न्याय्य’ म्हणताना थांबावे लागेल.

प्रश्नकर्ता

सर्व सूचना विचारात घेऊन वाक्य असे केले आहे : ‘पक्षनिधी पारदर्शक असावा, आणि त्याचे वाटप इतके न्याय्य असावे की वंचित समूहांतील व्यक्तींना निवडून येण्याजोगी उमेदवारी मिळेल व ती लढवण्याचे साधनही मिळेल.’

तिसऱ्या प्रतिसादाचे लेखक

वाक्य लांबले, पण आता ते खोटे बोलत नाही. एकच दुरुस्ती सुचवतो : ‘मिळेल’ दोनदा आले आहे आणि देणारा कोण हे दोन्ही वेळा अध्याहृत राहिले आहे. ‘पक्षांनी वंचित समूहांतील व्यक्तींना निवडून येण्याजोगी उमेदवारी द्यावी आणि प्रचारखर्चाचा वाटाही द्यावा’ असे लिहिल्यास जबाबदारी कोणाची हे कर्त्यावरूनच कळेल.