मदत हवी आहे: प्रेशरचं मल्टिग्रिड भिंतीलगतच्या थरांत अडकतंय

महापे एमआयडीसीतल्या एका पंपवाल्यांसाठी इनटेक संपमधल्या (पंप जिथून पाणी ओढतो ती टाकी) प्रवाहाचं सिम्युलेशन करतोय. ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमधला सिम्पलफोम (स्थिर प्रवाहाचा सॉल्व्हर), के-ओमेगा एसएसटी (टर्ब्युलन्सचं मॉडेल), जाळीत ६० लाख सेल्स. वाय-प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ च्या आसपास ठेवलाय, म्हणून भिंतीलगतचे सेल्स पापडासारखे चपटे. लांबी जाडीच्या ८०० पट. ३२ कोअरचं एकच मशीन, संध्याकाळी लावून घरी जायचं.

वेग आणि टर्ब्युलन्सची समीकरणं दोन-तीन स्वीपमध्ये आटपतात. घोडं पेंड खातंय प्रेशरपाशी. जीएएमजी (ओपनफोमचा मल्टिग्रिड सॉल्व्हर, बारीक जाळीचं गणित जाड जाळ्यांच्या मदतीनं सोडवणारा) पहिल्या चार-पाच सायकलींत रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) झपाझप खाली आणतो, मग प्रत्येक सायकलला जेमतेम ५ टक्के घट. काल सकाळी लॉग उघडला तर दर इटरेशनला नव्वदेक सायकली!

स्मूदर (प्रत्येक पातळीवर चूक गुळगुळीत करणारी पायरी) बदलून पाहिला, स्वीप वाढवले, सर्वात जाड पातळीवरचे सेल्स १० वरून ५०० केले. जीएएमजी पीसीजी या दुसऱ्या सॉल्व्हरचा प्रीकंडिशनर (गणित सोपं करून देणारा मदतनीस) म्हणून लावला. सायकली निम्म्या झाल्या, पण घड्याळाचा वेळ जवळपास तेवढाच. चेकमेश (जाळीची तपासणी) स्वच्छ आहे, नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेल्सचा तिरकेपणा) कमाल ६२ अंश. (वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगत बारीक थरांऐवजी सूत्र, वापर असं कृपया सांगू नका, गिऱ्हाईक ऐकत नाही.)

आता संशय ३२ कोअरमध्ये जाळी वाटून देण्याच्या विभागणीवर आहे. पॅराव्ह्यूमध्ये (चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरनुसार रंग दिले, तर स्कॉचने (विभागणी करणारी पद्धत) थरांचे उभे रकाने मधोमध कापलेले दिसले. एकाच कोअरवर थोड्या इटरेशन चालवल्या, तेव्हा सायकली चाळिशीत आल्या.

भिंतीपासून निघणारा अख्खा रकाना एकाच प्रोसेसरवर राहील अशी विभागणी कुणी केली आहे का? नेमकी कशी?