सात तासांचं 'मेकिंग' बघून भुताची भीती उरते का?

गोदाकाठ_नांदेड

आडपडदा न ठेवता लिहितो. गाजलेल्या भयपट-मालिका कशा तयार झाल्या यावर जे अवाढव्य माहितीपट निघालेत, ते त्या चित्रपटांच्याच मुळावर उठलेत. 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेवरचा 'क्रिस्टल लेक मेमरीज' (२०१३) जवळजवळ सात तासांचा. स्वप्नात येऊन मारणाऱ्या फ्रेडी क्रूगरच्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' मालिकेवरचा 'नेव्हर स्लीप अगेन' (२०१०) चार तासांचा. मूळ चित्रपट दीड-दीड तासाचे!

'हॅलोविन' (१९७८) मधला मुखवटेवाला खुनी मायकल मायर्स आठवा. कसलाच भाव नसलेला पांढराफटक चेहरा. हा माणूस आहे की आणखी काही, ते कळत नाही म्हणून तर पोटात गोळा येतो. आता मेकिंग काय सांगतं? तो 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. युनिटमधल्या टॉमी ली वॉलेसनं दुकानातून दोन डॉलरच्या आत आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि वरून पांढरा रंग फवारला. रस्त्यावरची पानगळसुद्धा खोटी, कारण शूटिंग कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. रंगवलेली पानं टाकायची आणि शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. आता मायकल मायर्स झुडपाआड उभा राहिला की मला कॅप्टन कर्क दिसतो आणि पानं गोळा करणारी पोरं दिसतात. मिळालं काय मला?

शिवाय या माहितीपटांत जो तो एकमेकांची पाठ थोपटत असतो. 'आमचं युनिट म्हणजे एक कुटुंब होतं' हे वाक्य ज्यात नाही असा एक माहितीपट दाखवा.

लातूर_मंडप_लाइट्स

भाऊ, तुम्ही लई एकतर्फी बोलायलाव. मी मंडप-लायटिंगच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून माझी बाजू ऐका.

'एल्म स्ट्रीट'च्या पहिल्या भागात (१९८४) पोरगी भिंतीवरून फरफटत छतावर जाते. ते कॉम्प्युटरचं काम नाही. अख्खी खोली फिरती बनवलेली. आतलं सामान ठोकून पक्कं केलेलं, कॅमेरा खोलीलाच बांधलेला, आणि बाहेरून माणसं हातानं खोली फिरवायलीत. पोरगी खालीच राहते, खोली फिरते, आणि आपल्याला वाटतं तीच वर चालली.

तीच खोली उलटी करून जॉनी डेपच्या मरणाचा सीन घेतला. पलंग वर, छत खाली, आणि लाल पाणी वरून ओतलं, म्हणजे पडद्यावर रक्ताचं कारंजं छताला भिडल्यासारखं दिसतं. पाणी ओतल्यावर वजन एका अंगाला गेलं आणि खोली भलत्याच दिशेनं फिरली. पाणी लाइटच्या वायरींवर. ठिणग्या उडायल्यात, आणि दिग्दर्शक वेस क्रेव्हन अन् कॅमेरामन आत पट्ट्यांनी बांधलेले, उलटे लटकलेले! गणपतीत पाऊस पडताना ओल्या केबलवर काम केलेल्या कोणालाही विचारा, हे ऐकून अंगावर काटा येतो का नाही. तुमची भीती गेली असेल, माझी डबल झाली.

आणि 'फ्रायडे'च्या पहिल्या भागातला (१९८०) नट केविन बेकनच्या गळ्यातून आरपार येणारा बाण. मान नकली, माणसं पलंगाखाली. ऐन वेळी रक्ताच्या पंपाची नळी सुटली. मेकअप-इफेक्ट्सवाल्या टॉम सॅव्हिनीच्या असिस्टंटनं ती नळी तोंडात धरून फुंकली, म्हणून रक्त असं बुडबुड्यासारखं, थांबून थांबून येतं. पंपानं आलं असतं तर इतकं खरं वाटलं नसतं. असल्या माणसाचं नाव चार तास कोणी घेतलं तर बिघडलं काय?

गोदाकाठ_नांदेड

मालक, तुमच्या त्या माणसाला सलाम. पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केला. आता तो सीन लागला की मी बाण बघणार नाही, पलंगाखाली गाल फुगवून बसलेला गडी बघणार. कौतुक वाटेल, भीती नाही. दोन्ही एकदम होत नाही.

परभणीकरीण

होतं की. 'टेक्सास चेन सॉ मॅसकर' (१९७४) बघा आणि मग त्याच्या निर्मितीवरचा 'द शॉकिंग ट्रुथ' (२०००) बघा.

१९७३चा उन्हाळा, टेक्सासचं घर. रात्रीच्या जेवणाचा प्रसंग दिवसाही घेता यावा म्हणून खिडक्या काळ्या कापडानं बंद केलेल्या. आत दिव्यांची धग, टेबलावर मांस आणि हाडं सडतायत, आणि शूटिंग सलग सव्वीसेक तास. लोक बाहेर पळत जाऊन ओकत होते. लेदरफेस हा खुनी झालेल्या गुन्नार हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड. रंग उतरेल म्हणून धुवायला मनाई, चार आठवडे तोच अंगावर. मे महिन्यात परभणीत पत्र्याच्या खोलीत दुपार काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नायिका मॅरिलिन बर्न्सचं बोट कापतात त्या शॉटला नकली रक्ताची नळी चालेना, तेव्हा हॅन्सननं खरंच पातं चालवलं.

तिची किंकाळी मी आता परत ऐकते तेव्हा ती मला नट्यांच्या किंकाळीसारखी वाटतच नाही. माझी भीती मेकिंगनं वाढवली. फक्त ती आता गोष्टीतल्या पोरीसाठी नाही, सेटवरच्या बाईसाठी आहे.

गोदाकाठ_नांदेड

ताई, हा मात्र वजनदार मुद्दा. पण मग तुम्ही भयपट बघत नाही आहात, अन्याय बघताय. तसं असेल तर त्या माहितीपटांचा सूरही तसा हवा ना? बहुतेक ठिकाणी असल्या गोष्टी किस्सा म्हणून हसत सांगतात. 'फ्रायडे'च्या पहिल्या भागात खरा साप मारलाय. हा काय किस्सा आहे?

परभणीकरीण

सूर सगळ्यांचा सारखा नसतो, हेच तर सांगायचंय. 'एल्म स्ट्रीट'चा दुसरा भाग (१९८५) घ्या. नायक मार्क पॅटन. चित्रपटात समलैंगिकतेच्या खुणा ठासून भरलेल्या, आणि एड्सच्या भीतीनं पछाडलेलं ते दशक. लेखक डेव्हिड चॅस्किन वर्षानुवर्षं म्हणत राहिला की मी तसं काही लिहिलंच नाही. म्हणजे सगळा ठपका पॅटनच्या अभिनयावर. त्यानं अभिनय सोडला, मेक्सिकोत जाऊन राहिला. 'नेव्हर स्लीप अगेन' करणाऱ्यांनी त्याला शोधून काढलं, आणि त्याच माहितीपटात चॅस्किननं कबूल केलं की ते मुद्दाम लिहिलं होतं. पुढे पॅटनवर स्वतंत्र माहितीपट आला, 'स्क्रीम, क्वीन!' (२०१९). त्यात तो लेखकाच्या समोर बसून जाब विचारतो. पाठ थोपटण्याचा तिथे प्रश्नच येत नाही. तुम्ही ज्या चार तासांना नावं ठेवताय, त्यांनी एका माणसाला पंचवीस वर्षांनी त्याची बाजू मांडायला जागा दिली.

हिंगोलीचा_हिशेबनीस

मी काठावर बसलोय. सात तासांचा हिशेब मांडा. 'फ्रायडे'च्या मालिकेत २००९चा रिमेक धरून बारा चित्रपट, माहितीपट चारशे मिनिटांचा. एका चित्रपटाला साधारण तेहेतीस मिनिटं. म्हणजे पहिल्या भागाला आणि त्या टुकार आठव्या-नवव्या भागालाही जवळपास सारखाच वाटा. हे मला खटकतं. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं काम. कुठे कात्री लावायची हे कोणाला ठरवता आलेलं नाही.

पण पहिला तास सोन्यासारखा. पटकथा तयार नसताना दिग्दर्शक शॉन कनिंगहॅमनं १९७९ साली 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या पेपरात पानभर जाहिरात दिली, नुसत्या नावाची! आधी नाव विकलं, मग चित्रपट काढला. नटी बेट्सी पामरला नवी गाडी घ्यायची होती म्हणून ती आली, पटकथा तिला अजिबात आवडली नव्हती. आणि हॉकीचा मुखवटा थेट तिसऱ्या भागात (१९८२) आला. पहिल्या भागात तर मालिकेचा तो मुखवटेवाला जेसन खुनीच नाही. व्यवहार कसा चालतो ते शिकायचं असेल तर भयपटांचं मेकिंग बघा, भीती राहू द्या बाजूला.

उस्मानपुरेवाला

सगळं अमेरिकेचंच चाललंय राव. आपल्या रामसेंचं काय?

फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले, रेडिओचं दुकान चालवणारे एफ. यू. रामसे आणि त्यांची सात पोरं. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या सीनवर पब्लिक खूश होतं, हे पोरांनी थेटरात बसून हेरलं. त्यातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२). सगळे बसमध्ये बसून महाबळेश्वरला, तिथेच राहणं, तिथेच शूटिंग. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा, किरण साऊंड, अर्जुन एडिटिंग, तुलसी आणि श्याम डायरेक्शन. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी, अनिरुद्ध अग्रवाल, शिकलेला सिव्हिल इंजिनिअर! तो इतका चालला की पुढल्या वर्षी 'सामरी' नावाचाच थ्रीडी सिनेमा काढला.

तुलसी २०१८ला गेले, श्याम २०१९ला. दोघांना समोर बसवून, सेटच्या गोष्टी भागाभागानं काढत सात तास बोलतं करणारा माहितीपट मला तरी दिसला नाही. औरंगाबादेत ज्या पिढीनं हे सिनेमे शेवटच्या शोला बघितले आणि घरी येताना गल्लीत मोठ्यानं गाणी म्हटली, तिला तो नको होता का? गोदाकाठवाले म्हणतात सात तास जास्त. आमच्याकडं सात मिनिटं नाहीत.

लातूर_मंडप_लाइट्स

अन् तात्या विंचू? तिकडं चकी या खुनी बाहुल्याच्या 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मालिकेवर 'लिव्हिंग विथ चकी' (२०२२) निघाला, तोही इफेक्ट्सवाल्या टोनी गार्डनरच्या पोरीनं काढला. बाप रात्रंदिवस बाहुल्यात गुंतलेला, घरात त्या बाहुल्याबरोबर वाढलेली पोरगी. आपल्या 'झपाटलेला'चा (१९९३) बाहुला रामदास पाध्यांनी बनवला, २०१३ला दुसरा भाग थ्रीडीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४लाच गेले. बाहुल्याबरोबर एकट्यानं सीन करताना त्यांच्या डोक्यात काय चालायचं, ते आता कोणाला विचारणार?

गोदाकाठ_नांदेड

तात्या विंचूला कृपा करून हात लावू नका. माझ्या पोराला अजून वाटतं की तो बाहुला रात्री चालतो.

अंबाजोगाई_सोंगाड्या

नांदेडकर, तुमच्या सगळ्या मांडणीत एक गृहीत आहे की कळलं की भीती संपते. आमच्याकडं भारुडात देवीचं, राक्षसाचं सोंग निघतं ना, तेव्हा कोणाला माहीत नसतं की आत कोण आहे? शेजारचा माणूस असतो. त्याचं तोंड रंगवताना पोरं ओट्यावर बसून बघतात, रंगाची वाटी तीच धरून असतात. आणि पेटत्या टेंभ्यात तो किंचाळत अंगावर आला की तीच पोरं आईच्या पदराआड. सगळं माहीत असून. रंगवणाऱ्याचा हात बघितला म्हणून सोंग पातळ होत नाही. कर्कचा मुखवटा बघून तुमची भीती गेली असेल तर ती मुळातच मुखवट्यापुरती होती, चित्रपटाची नव्हती.

गोदाकाठ_नांदेड

सोंगाड्या भाऊ, पण रंगवणारा सोंग झाल्यावर पारावर बसून सात तास भाषण देत नाही ना, की हा शेंदूर इथून आणला, तो धोतरजोडा तिथून! बघणं वेगळं आणि कॅमेऱ्यासमोर उकलून सांगणं वेगळं. शिवाय ती पोरं गावातली, सोंग त्यांचंच. जेसन माझ्या गावचा नाही. त्याचं माझ्याकडे काय आहे तर फक्त ती भीती. ती पण काढून घेता.

अंबाजोगाई_सोंगाड्या

भाषण देतो की! आमचे काका सोंग उतरलं की पहाटेपर्यंत तेच सांगत बसायचे, चहावर चहा. कोणी रेकॉर्ड केलं नाही एवढंच.

हिंगोलीचा_हिशेबनीस

मग तोडगा काढा. आधी चित्रपट, मध्ये पाच-सहा वर्षं जाऊ द्यायची, मग माहितीपट. क्रम पाळला तर दोघांचंही राहतं.

गोदाकाठ_नांदेड

हे चालेल. पोराला 'हॅलोविन' दाखवेन मोठा झाल्यावर, आणि मेकिंग त्यानं नोकरीला लागल्यावर बघावं.

परभणीकरीण

दादा, माझा भाचा सातवीत आहे. त्यानं चकीचा एकही चित्रपट बघितलेला नाही, पण बाहुल्याच्या आत किती मोटारी असतात आणि भुवई कोणत्या तारेनं हलते ते मोबाइलवर बघून त्याला पाठ आहे. तुमच्या पोराचा मोबाइल एकदा तपासा.