कबुतरांच्या घशात पिवळ्या गाठी, औषधाने फरक नाही. मदत हवी आहे

झेपपाखरू: तातडीने सांगा. चोच उघडली की घशात पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखं दिसतंय. चार दिवस पाण्यातून औषध देतोय, काडीचाही फरक नाही. शर्यत पंधरा दिवसांवर आलीये. आता काय देऊ?

खुराडेकर: पिल्लं की मोठी? आणि औषध कुठलं ते लिहिलंच नाहीत.

झेपपाखरू: दोन पिल्लं, तीन आठवड्यांची. त्यांचे आईबाप शर्यतीला जाणार आहेत. ते ठणठणीत आहेत म्हणून लिहिलं नाही. औषध अँप्रोलियम. मागे पातळ शीट त्यानेच थांबली होती.

खुराडेकर: तिथेच चुकलं. ते कॉक्सिडियावर, म्हणजे आतड्यातल्या परजीवीवर चालतं. हा कँकर वाटतोय, ट्रायकोमोनास गॅलिनी या जंतूने होणारा घशाचा रोग. त्याला रोनिडाझोल, कार्निडाझोल, मेट्रोनिडाझोल यांतलं काहीतरी लागतं. आणि ठणठणीत दिसणारे आईबापच वाहक असतात, भरवताना पिल्लांच्या घशात तेच जातं.

जुनालॉफ्ट: गोळ्या कशाला? मी कायम पाण्यात सफरचंदाचा व्हिनेगर घालतो. कँकर कधी पाहिला नाही.

खुराडेकर: दादा, गाठी धरल्यावर व्हिनेगर काय करणार? पिल्लू दाणा गिळू शकत नाही, उपाशी मरेल.

जुनालॉफ्ट: तुमच्या अर्धवट डोसांनीच जंतू औषधाला दाद देईनासे झालेत.

बाजप्रेमी: कबुतर खाऊन ससाण्यांनाही हाच रोग होतो. त्यांच्यात त्याला फ्राउन्स म्हणतात.

निळीचोच: खुराड्याच्या भिंतींना चुना मारा.

पशुवैद्यकीय_विद्यार्थी: भिंतीतून नाही येत हा. सुकलं की जंतू मरतो. पाण्याची भांडी रोज घासून वाळवा. गाठी खरवडू नका, रक्तस्राव होतो. देवीच्या रोगातही घशात असेच चट्टे येतात, म्हणून आधी घशाचा स्वॅब पशुवैद्याकडून तपासून घ्या. तो ताजा आणि कोमट हवा, गार झाला की जंतू हलायचे थांबतात. उन्हाळ्यात पक्षी जास्त पाणी पितात, पाण्यातून रोनिडाझोल जास्त गेलं तर झोकांड्या खातात.

झेपपाखरू: आत्ता तपासून आलो. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना मी स्वतः पाहिले. डॉक्टरांनी पिल्लांना वजनानुसार गोळी दिली. धाकटं मात्र पहाटेच गेलं. थोरल्याने मघाशी पाणी प्यायलं. घाईत आईबापांचं विचारायचं राहिलं, त्यांना कधी द्यायचं?

खुराडेकर: आजच. आणि त्या दोघांनाच नाही, त्या भांड्यातून पिणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी. डोस डॉक्टरांना फोन करून विचारा.