मीडियाची डिग्री सीमाभागातून : कुठे शिकलात, काय कामी आलं?

धागाकर्ती, अनगोळ

दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की इथे बेळगावात आमच्या गल्लीत इंजिनिअरिंग, नर्सिंग, बीकॉमची माहिती द्यायला दहा माणसं तयार असतात. भाचीनं यंदा मीडिया म्हटलं, तर एका काकांनी "म्हणजे टीव्हीवर बातम्या सांगणार काय?" एवढंच विचारलं आणि विषय संपला.

आपल्याकडच्या मुलांचं पुण्या-मुंबईच्या मुलांसारखं नसतं. शाळा मराठी, पीयूसी इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि कॉलेज कुठल्या राज्यात घ्यायचं हे ठरवण्यातच जून निघून जातो. पत्रकारिता, मास कम्युनिकेशन, मीडिया स्टडीज, जाहिरात, फिल्म, यातलं काहीही शिकलेल्यांनी, शिकवलेल्यांनी, नाहीतर मुलांना शिकायला पाठवलेल्यांनी लिहा. माहितीपत्रकं आम्ही वाचतोच आहोत. तुमचं काय झालं ते सांगा.

डेस्कवरचा, टिळकवाडी

बेळगावातल्या एका मराठी दैनिकात केस पांढरे झाले, त्या जोरावर लिहितो.

आधी नावांचा घोळ मिटवू. पत्रकारिता म्हणजे बातमी मिळवणं, लिहिणं, संपादन करणं. मास कम्युनिकेशनमध्ये त्याच्या जोडीला जाहिरात, जनसंपर्क, रेडिओ, व्हिडिओ येतं. मीडिया स्टडीज म्हणजे माध्यमांचाच अभ्यास : पेपर आणि चॅनेल कुणाच्या मालकीचे, प्रेक्षक त्यातून काय घेतो, कायदा काय सांगतो. तिथे कॅमेरा कमी आणि वाचन जास्त. पण कॉलेजं ही तिन्ही नावं वाटेल तशी लावतात. म्हणून अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि प्रात्यक्षिकाला किती गुण आहेत, इंटर्नशिप सक्तीची आहे का, शेवटच्या वर्षी प्रबंध आहे की प्रकल्प, ते बघा. बाकी इमारतीचे फोटो असतात.

आता भाषा. संध्याकाळी आमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, महापालिका, हेस्कॉम (इथली वीज कंपनी) यांची पत्रकं येतात, ती बहुतेक कन्नडमध्ये. हेस्कॉमचं 'उद्या वीज नाही' घ्या. त्यात उपकेंद्र, फीडर, वेळ आणि खाली गल्ल्यांची लांबलचक यादी. मशीनवर भाषांतर हल्ली सगळेच करतात, पण गावागल्ल्यांची नावं मशीन हमखास बिघडवतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांचे फोन मशीनला जात नाहीत. नवीन मुलगा आला की मी त्याच्या हातात हेच पत्रक देतो. कन्नड वाचणारा पोरगा चहा येईपर्यंत सुटसुटीत बातमी करून देतो. मोठ्या शहरातून डिग्री आणलेला, पण कन्नड अक्षरओळख नसलेला, शेजारच्याला विचारत बसतो. डिग्री कुठलीही घ्या, कन्नड वाचायला शिका. याचा सीमाप्रश्नावरच्या मताशी काही संबंध नाही, हे पोटापाण्याचं बोलतोय.

इथल्या मराठी पत्रकारितेला शंभरी उलटून गेलीय. 'तरुण भारत' १९१९ चा, बाबुराव ठाकुरांनी काढलेला. म्हणजे काम शिकायला जागा गावातच आहे. उमेदवारांना माझा ठरलेला प्रश्न, पत्रकार दिन कधी? महाराष्ट्रात शिकलेला ६ जानेवारी म्हणतो, पहिलं मराठी वृत्तपत्र 'दर्पण', १८३२. कर्नाटकात शिकलेला १ जुलै म्हणतो, पहिलं कन्नड वृत्तपत्र 'मंगळूर समाचार', १८४३. दोन्ही सांगणाऱ्याला नोकरी लागेलच असं नाही, पण चहा मी पाजतो.

निपाणीकरीण

आम्हाला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. त्यामुळे इकडे बीए करून पत्रकारितेला शिवाजी विद्यापीठात गेले. कॉलेज निवडण्यापेक्षा जास्त डोकं कागदांनी खाल्लं, म्हणून तेवढंच लिहिते.

कॉलेजकडून टीसी. आधीच्या विद्यापीठाकडून मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला. नव्या विद्यापीठात पात्रता प्रमाणपत्र. मायग्रेशनचा अर्ज शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला त्याच आठवड्यात टाका. तिकडे प्रवेशाची मुदत संपत येते आणि इकडे साहेब रजेवर असतात, असा योग कायम जुळतो.

गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत येत असेल तर तसा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. सीमाभागातल्या मुलांसाठी प्रवेशात आणि फीत सवलती असतात, पण त्या वर्षागणिक आणि अभ्यासक्रमागणिक बदलतात. तेव्हा 'आमच्या वेळी होतं' म्हणणाऱ्यांवर (माझ्यासकट) न विसंबता त्या वर्षीचं प्रवेशाचं पत्रक वाचा.

आणि कर्नाटकातल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळेल असं धरून चालू नका. प्रत्येक राज्याची यादी वेगळी. माझ्या मैत्रिणीला हे थेट प्रवेशाच्या खिडकीवर कळलं, तेही मागे मोठी रांग उभी असताना.

येऊन-जाऊन करणाऱ्यांसाठी : सीमेवर काही तापलं की आधी बस बंद होते. डिसेंबर २०२२ मध्ये झालं तसं. परीक्षेच्या दिवसांत कोल्हापुरात एखाद्या ओळखीच्या घरी मुक्कामाची सोय असू द्या.

गर्लगुंजीचा

मी इकडेच बीएला जर्नालिझम ऐच्छिक विषय घेतला, सोबत इतिहास. आमची बॅच २०२१ ची, चार वर्षांच्या डिग्रीची. २०२४-२५ पासून सरकारनं पुन्हा तीन वर्षांची डिग्री आणली. मुद्दा एवढाच की पुढे एमए करायचं असेल तर तीन वर्षांची डिग्री तिथे चालते का आणि ते किती वर्षांचं आहे, हे आताच विचारून घ्या. एमएला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जवळचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं विजयपूरचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ घेतलं, तिथेही पत्रकारिता विभाग आहे. घरचे मुलीला लांब सोडायला तयार नसतील तर हे नाव सांगून बघा. मुलींचंच विद्यापीठ म्हटलं की आज्जीचा विरोध निम्मा होतो.

एक बाप, येळ्ळूर

मी शेतकरी माणूस, भात पिकवतो. लेकीनं बीए झाल्यावर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचं नाव काढलं. मी म्हटलं, "हे खासगी क्लासवालं हाय काय बाळ?"

"नव्हे ओ बाबा, पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग तो. फर्ग्युसन रोडला. १९६४ पासून हाय."

"मग नोकरी देतात काय?"

"शिकवतात."

हे उत्तर मला त्या वेळी आवडलं नव्हतं. प्रवेश परीक्षा दिली, नाव लागलं. विद्यापीठाची फी झेपली, खोलीचं भाडं आणि मेसनं कंबर मोडली. आईबापांनी हिशोब मांडताना फी खाली आणि राहणं-खाणं वर लिहावं. पहिली इंटर्नशिप बिनपगारी होती. काम ती करायची, बसभाडं मी पाठवायचा. ही रीत मला अजून पटलेली नाही. पोरांना फुकट राबवून घेणाऱ्यांनी निदान दुपारचं जेवण तरी द्यावं.

आता ती एका वेबसाइटसाठी बातम्यांची खातरजमा करते. मध्ये गावच्या ग्रुपवर पुराचा व्हिडिओ आला, आजचाच म्हणून. बायका घाबरल्या, जनावरं हलवायची भाषा सुरू झाली. लेक सुट्टीला घरी होती. तिनं व्हिडिओ थांबवला, मोठा केला, मागच्या दुकानाच्या पाटीवरचं कन्नड वाचलं. गाव आमच्या बाजूचं नव्हतंच. मग त्या चित्रावरून नेटवर शोधलं तर तोच व्हिडिओ २०१९ च्या पुरातला निघाला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिनं हे केलं. शिकवतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं.

शहापूरचा शूटिंगवाला

डिग्रीवाल्यांच्यात माझं काय काम, पण विचारलंय म्हणून लिहितो. मी लग्नं शूट करतो. कॅमेराच धरायचा असेल तर कॉलेज कशाला, असं मी पोरांना सांगायचो, अजूनही अर्धं तसंच म्हणतो. पण पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेतले संपादनाचे, ध्वनीचे मोठे कोर्स पदवीनंतरचे आहेत. म्हणजे तिथे जायचं असेल तर कसली का होईना डिग्री हातात पाहिजे. (त्या संस्थेची जागा मूळ प्रभात फिल्म कंपनीची आणि प्रभात सुरू झाली १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरात. कुणी 'तुम्हा गावाकडच्यांना सिनेमातलं काय कळतं' म्हणालं तर सांगायला बरं.) डिग्री नको असेल तर तिथले छोटे कोर्सही असतात.

पोरं कॅमेऱ्यावर पैसे घालवतात, आवाजावर नाही. मंडपात बेंजो वाजतोय, भटजी माइकवर, आणि मुलीचा बाप दोन शब्द बोलणार. त्याच्या शर्टाला कॉलर माइक लावायचा, तोही उपरण्याच्या आड घासणार नाही असा, वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घ्यायचा आणि नंतर टाळीवर चित्र-आवाज जुळवायचे. हे ज्याला जमलं त्याला काम कमी पडत नाही. आवाजाची आवड असेल तर गावात केएलई शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी, ९०.४, सामुदायिक रेडिओ आहे. जाऊन बघून या, रेडिओ कसा चालतो ते तरी कळेल.

भालकीवाला

आम्ही बीदरकडचे, बेळगाव आम्हाला मुंबईएवढंच लांब. आम्हाला हैदराबाद जवळ. तिथल्या केंद्रीय विद्यापीठात मी कम्युनिकेशनमध्ये एमए केलं, मीडिया स्टडीजची शाखा घेऊन. टिळकवाडीच्या काकांनी लिहिलं ते बरोबर आहे, वाचन भरपूर. पहिल्या सत्रात मला वाटलं, हे सगळं इंग्रजी घोकून मी भालकीत काय करणार?

प्रबंधाला विषय हवा होता. मी आमच्याच गल्लीतली घरं घेतली. घरात बोलणं मराठी, दारात कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि संध्याकाळी टीव्हीवर काय? तर आजी मराठी मालिका, नातवंडं हिंदी कार्टून, सून कन्नड मालिका, कारण तिचं माहेर पलीकडच्या तालुक्यातलं. रिमोट कुणाच्या हातात असतो, कधी असतो, पाहुणे आले की चॅनेल कोणतं लागतं, हे टिपत गेलो. लोकांना वाटलं केबलवाल्याचा माणूस आलाय, तक्रारी सांगायला लागले. त्याही टिपल्या. मार्गदर्शक म्हणाले, असं साहित्य शहरातल्या मुलाला मिळणार नाही. मीडिया स्टडीज घेणार असाल तर आपलं चारभाषी घर हीच तुमची प्रयोगशाळा.

केंद्रीय विद्यापीठांत बारावीनंतरच्या पदवी प्रवेशाला २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. ती १३ भाषांत देता येते, मराठीतही आणि कन्नडमध्येही. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसी-नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत मास कम्युनिकेशन आणि जर्नालिझम हा विषय आहे. पत्रकारिता मराठीतूनच करायची असेल तर अमरावतीला आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेचा मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम बघा, पदवीनंतरचा.

नंदगडची, सध्या मुंबई

मी बारावीनंतर थेट मुंबईला. मास मीडियाच्या पदवीला तेव्हा बीएमएम म्हणायचे, २०१९ पासून बीएएमएमसी झालं. शेवटच्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता हे निवडायचं असतं. मी जाहिरात घेतली. मराठी माध्यमातूनही हा कोर्स काही कॉलेजांत आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

आता एजन्सीत आहे. एक साबणाची जाहिरात मूळ हिंदीत ठरते, मग मराठी, कन्नड, गुजराती, तमिळ अशी फिरते. मला मराठीसाठी घेतलं होतं. एका रात्री कन्नडवाला आजारी आणि सकाळी रेकॉर्डिंग. मी खानापूरच्या बाजारात शिकलेल्या कन्नडवर ओळी तपासल्या, धारवाडच्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवल्या आणि दोन ठिकाणी बदलायला लावलं. त्यानंतर कन्नडची कामंही माझ्याकडे येऊ लागली आणि पगाराच्या बोलणीत मी ते स्पष्ट मांडलं. आपल्याकडच्या मुलींना पैशाचं बोलायला लाज वाटते. बोला.

खासगी नामवंत संस्थांची फी लाखांत आहे. कर्ज काढण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या तिघा-चौघांना गाठून पहिला पगार विचारा. संस्थेला विचारू नका, ती सर्वात मोठा आकडा सांगते.

धागाकर्ती, अनगोळ

सगळ्यांचे आभार. भाची हे वाचतेय. तिचा कल इथेच बीए करून पुढे बाहेर जाण्याकडे झुकलाय, कन्नडची शिकवणी तिनं स्वतःच शोधली. तिचा एक प्रश्न : डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलीला काही बघायला मिळेल का?

डेस्कवरचा, टिळकवाडी

पत्रकारांच्या पासवर विद्यार्थ्याला सोडत नाहीत. पण कामकाज बघायला शाळा-कॉलेजांच्या सहली येतात, तसं तिच्या कॉलेजनं लेटरहेडवर पत्र द्यावं आणि ओळखपत्र सोबत ठेवावं. आत नाही जमलं तरी बाहेर आंदोलनांच्या तंबूंकडे फिरायला सांगा. ऊसवाले, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, सगळे राज्यभरातून तिथे येऊन बसलेले असतात आणि बोलायला तयार असतात. प्रत्येकाला नाव, गाव, मागणी काय आणि किती वर्षांची, एवढं विचारून लिहून आणायचं. वही घेऊन जा म्हणावं, मोबाइलची बॅटरी दुपारीच संपते. संध्याकाळी डेस्कवर आली तर मी तपासून देतो, फक्त सहाच्या आत यावं.