हायवेच्या तुकड्याला तिथल्याच माणसाचं नाव द्यावं की नाही?

रस्तेबाज: अख्खा हायवे मोठ्या नेत्याच्या नावाने करायचा तर खुशाल करा, पण त्यातला पाच-दहा किलोमीटरचा तुकडा तिथल्याच एखाद्या माणसाच्या नावाने असावा असं माझं मत आहे. अमेरिकेत हे सर्रास चालतं, राज्याच्या विधिमंडळात ठराव होतो, ड्युटीवर जीव गेलेल्या पोलिसाच्या नाहीतर जवानाच्या नावाची पाटी लागते आणि हायवेचा नंबर आहे तोच राहतो, म्हणजे कुणाचा पत्ता बदलायची भानगड नाही. कॅलिफोर्नियात तर पाटीचा खर्चसुद्धा सरकार करत नाही, देणग्या जमवाव्या लागतात.

खडीसम्राट: झालं, अजून एक पाटी! अहो, दिलेलं नाव घेतं कोण? लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग झाला त्याला जमाना लोटला, तरी इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणायला माणूस लॅमिंग्टनलाच जातो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला यशवंतराव चव्हाणांचं नाव आहे, टोल भरताना कितीजणांना आठवतं? नावाचं सोडा, २०१० साली नंबर बदलून एनएच ४ चा पुणे-बंगळूर पट्टा ४८ मध्ये गेला, लोकांच्या तोंडी अजून एनएच फोरच.

साइडपट्टी: वरून चिकटवलेलं नाव गळून पडतं हो, पण लोकांनीच दिलेलं असेल तर? कॅनडात ४०१ नंबरचा हायवे आहे, अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या ट्रेंटनच्या विमानतळावर उतरायच्या आणि तिथून टोरंटोला जायच्या. २००२ पासून लोक आपणहून वाटेतल्या पुलांवर येऊन उभे राहायचे, कुणी बोलावलेलं नाही काही नाही. त्या पट्ट्याला 'हायवे ऑफ हीरोज' हे नाव सरकारने २००७ मध्ये दिलं, तोवर पूल भरायला लागून पाच वर्षं झाली होती. आणि दशरथ मांझी? १९६० ते १९८२, बावीस वर्षं हातोडी-छिन्नीने डोंगर फोडला त्या माणसाने, त्या वाटेला दुसऱ्या कुणाचं नाव शोभेल का सांगा.

खडीसम्राट: मांझी मान्य. पण मांझी एक, आणि नावं सुचवणारी कमिटी गावोगावी. पहिला अर्ज येणार माजी अध्यक्षांच्या वडिलांचा, दुसरा त्याच्या विरोधी गटाचा, आणि अपघातात धावून जाणारा एखादा साधा माणूस यादीतसुद्धा नसणार. शिवाय रात्री गाडी ठोकली आणि १०३३ या हायवे हेल्पलाइनला फोन लावला तर नाव सांगून काय उपयोग, किलोमीटरचा दगड कितवा तेच विचारतात.

रस्तेबाज: दगड कोण उपटतंय राव? नाव त्याच्या जोडीला. आणि माणूस जाऊन किमान दहा वर्षं झाल्याशिवाय अर्जच घ्यायचा नाही असा नियम करा, निम्म्या कमिट्या तिथेच थंड होतील.

साइडपट्टी: दहा वर्षं चालेल. फक्त नुसतं नाव नको, खाली त्याने काय केलं तेही दोन ओळीत लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला तो नगरसेवकच वाटायचा.

खडीसम्राट: शंभरच्या स्पीडला गाडी सेकंदाला २८ मीटर पळते. दोन ओळी वाचत बसला तर पुढची पाटी त्याच्याच नावाची लावावी लागेल.

साइडपट्टी: 😄 बरं, मग पार्किंगच्या जागेत लावू. चहाला तरी थांबता ना?